चौऱ्याहत्तरांतले आठ गिनीपिग

१९१८ च्या जुलैत जपानी जंतुशास्त्रज्ञ हिदेयो नोगुची इक्वेडोरमधल्या ग्वायाकिल बंदरात उतरले. पीतज्वराचा (यलो फीव्हरचा) जंतू शोधण्यासाठी रॉकफेलर फाउंडेशनने पाठवलेल्या तुकडीत ते होते. तिथल्या २७ रुग्णांचं रक्त त्यांनी ७४ गिनीपिगांना टोचलं. त्यांतल्या ८ गिनीपिगांना ठळक लक्षणं दिसली: ताप चढला, डोळे आणि कातडी पिवळी झाली, आणि पोट उघडलं तर आत ठिकठिकाणी रक्तस्राव. हे ८ गिनीपिग ६ रुग्णांच्या रक्ताचे होते. त्यांच्या रक्तात आणि यकृतात नोगुचींना एक बारीक, मळसूत्री, टोकाला आकड्यासारखा वळलेला जंतू दिसला. त्यांनी त्याला नाव दिलं लेप्टोस्पायरा इक्टेरॉइडिस, आणि १९१९ मध्ये जाहीर केलं की पीतज्वर होतो तो याच्यामुळे.

दहा वर्षांनी, १९२८ च्या मे महिन्यात, नोगुची पश्चिम आफ्रिकेत अक्रा इथे पीतज्वरानेच गेले. तो ज्वर एका विषाणूचा होता. लेप्टोस्पायराशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या वर्गात ही गोष्ट दोन ओळींत सांगून मोकळं होतात: मोठा माणूस, घाई केली, चुकला. मला ते पटत नाही. मळसूत्री जंतू आणि त्यांचे आजार यांच्या इतिहासात इतकी शिकण्यासारखी चूक दुसरी नसेल. म्हणून चूक नक्की कुठे शिरली, ते पायरीपायरीने पाहू.

आधी जंतू. मळसूत्री जंतूंचं हे घराणं म्हणजे स्पायरोकीट. गरमीचा (सिफिलिसचा) ट्रेपोनेमा यातलाच, उवा आणि गोचिडांमार्फत पसरणाऱ्या, पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या तापाचा बोरेलिया यातलाच, आणि आपल्याकडे पावसाळ्यात घरोघरी ठाऊक झालेला लेप्टोही यातलाच. इतर जंतूंना शेपट्या असल्या तर त्या बाहेर लोंबतात. यांच्या शेपट्या आतल्या आत, दोन आवरणांच्या मधे गुंडाळलेल्या. त्या फिरल्या की अख्खा जंतूच बूच काढायच्या स्क्रूसारखा फिरत पुढे सरकतो. चिखल, श्लेष्मा, जखमेतला द्रव अशा दाट पदार्थांत तो झपाझप जातो, ते त्यामुळे. लेप्टोचा जंतू म्हणजे लेप्टोस्पायरा. त्याची जाडी साधारण ०.१ मायक्रॉन, लांबी ६ ते २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). साध्या मायक्रोस्कोपखाली तो दिसतच नाही. त्यासाठी पार्श्वभूमी काळी ठेवून उजेड कडेने सोडावा लागतो, मग काळ्याभोर मैदानात चांदीची तार थरथरल्यासारखा दिसतो.

इथे एक गंमत सांगतो. विद्यार्थ्यांना रुग्णाचं रक्त असं काळ्या पार्श्वभूमीवर पहिल्यांदा दाखवलं की पाच मिनिटांत कोणीतरी ओरडतंच, 'सर, दिसला!' जाऊन बघावं तर फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठताना बनणारा, धागा. रक्तातले हे धागे आणि तांबड्या पेशींचे तुकडे हुबेहूब लेप्टोसारखे वळवळतात. म्हणून नुसतं डोळ्यांनी पाहून आम्ही लेप्टोचं निदान करत नाही. नोगुचींना मात्र हा दोष देता येणार नाही. जंतू ओळखण्यात त्यांची नजर त्या काळी जगात अव्वल होती. लेप्टोस्पायरा हे नावही त्यांनीच पाडलेलं. १९१३ मध्ये वेडेपण आणि लकवा येऊन मेलेल्या ७० रुग्णांच्या मेंदूचे काप त्यांनी तपासले आणि १४ जणांच्या मेंदूत गरमीचा जंतू दाखवला. गरमी मेंदूपर्यंत पोचते हा तोवरचा संशय त्या दिवशी पुरावा झाला. लहानपणी चुलीत पडून डावा हात भाजलेला, जपानातल्या फुकुशिमाकडच्या गरीब घरातला मुलगा न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत इथवर आला होता.

अर्थात दुसरी बाजूही होती. १९११ मध्ये गरमीचा जंतू शुद्ध स्वरूपात वाढवल्याचं त्यांनी जाहीर केलं होतं. ते कोणालाच पुन्हा करून दाखवता आलं नाही. प्रयोगशाळेत तो जंतू दीर्घकाळ वाढवायला २०१८ साल उजाडलं, आणि तेही सशाच्या पेशींच्या सोबतीने.

आता पार्श्वभूमी. १८८६ मध्ये हायडेलबर्गच्या अडॉल्फ वाइल यांनी एका तापाचं वर्णन केलं: ताप, कावीळ, मूत्रपिंडं निकामी. हाच वाइलचा आजार, म्हणजे लेप्टोचंच गंभीर रूप. १९१५ च्या सुमाराला जपानमधल्या क्यूशूच्या कोळसा खाणींतल्या मजुरांत हाच आजार पाहताना इनादा आणि इदो यांना त्याचा मळसूत्री जंतू सापडला. त्याच सुमाराला खंदकांत लढणाऱ्या सैनिकांत जर्मन डॉक्टरांनाही तो सापडला. खाण, खंदक, भातशेती; जिथे उंदीर आणि साचलेलं पाणी, तिथे हा आजार. उंदराच्या मूत्रपिंडात जंतू मुक्कामाला असतो, उंदराला काही होत नाही, मुतातून तो पाण्यात उतरतो आणि माणसाच्या पायावरच्या चिरेतून आत शिरतो. १९१७ मध्ये खुद्द नोगुचींनी न्यूयॉर्कच्या आसपासचे उंदीर पकडून त्यांच्यात हा जंतू दाखवला.

म्हणजे १९१८ मध्ये ग्वायाकिलला निघालेला हा माणूस वाइलच्या आजाराचा जगातल्या मोजक्या जाणकारांपैकी एक होता. त्या आजाराच्या जंतूविरुद्धचं सीरमही, म्हणजे त्याच्याशी लढणारी प्रतिपिंडं असलेला रक्तातला द्रव, त्यांनी सोबत नेलं होतं. जो जंतू ओळखायची इतकी तयारी, तोच जंतू समोर आला आणि त्यांनी तो वेगळा ठरवला. का?

सीरमची परीक्षा त्यांनी केली, टाळली नाही. वाइलच्या जंतूविरुद्धचं सीरम ग्वायाकिलच्या जंतूवरही चालत होतं, पण त्यांच्या मोजणीत कमी जोराने. त्यावरून त्यांनी ठरवलं की दोघे भाऊभाऊ, पण वेगळे. आज आपल्याला माहीत आहे की लेप्टोस्पायराचे शेकडो उपप्रकार आहेत आणि एकाच प्रकारातल्या दोन वाणांत एवढातेवढा फरक असतोच. तेव्हा हे कोणाच्या गावीही नव्हतं.

बाकीचे धागेही जुळत गेले. क्यूबात पीतज्वराचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी लष्कराच्या रीड आयोगातले जेम्स कॅरोल यांनी शतकाच्या सुरुवातीलाच दाखवलं होतं की पीतज्वराचं रक्त बारीक गाळणीतून गाळलं तरी आजार लावतं. त्यामुळे साधे जंतू बाद होत होते. पण लेप्टोस्पायरा इतका सडपातळ आणि लवचीक की तोही त्या गाळणीतून पार होतो! पीतज्वर डासाने पसरतो हे हवानात १९०० मध्ये सिद्ध झालं होतं. डास चावल्याने गिनीपिगांना लक्षणं झाल्याचे काही प्रयोगही नोगुचींनी छापले. डासाच्या प्रयोगांत नेमकं काय घडलं यावर मला आजही भरवसा वाटत नाही, पण वाचणाऱ्याला तेव्हा साखळी पुरी झाल्यासारखी वाटली असणार.

आणि प्राणी. माझ्या मते प्रकरणाची सगळी मेख इथे आहे. गिनीपिगाला वाइलचा आजार झटकन होतो. आठवडा-दीड आठवड्यात तो पिवळाजर्द होऊन मरतो, आणि त्याची फुप्फुसं उघडली तर गुलाबी पार्श्वभूमीवर गडद रक्ताचे ठिपके, फुलपाखराच्या पंखांवर असतात तसे. हे चित्र एकदा पाहिलं की विसरत नाही. पण त्याच गिनीपिगाला पीतज्वराच्या विषाणूने असं काहीही होत नाही. रुग्णाच्या रक्तात विषाणू कितीही असू दे, गिनीपिग धडधाकट. म्हणजे नोगुचींनी हाती घेतलेली चाळणी अशी होती की जिच्यातून पीतज्वर गळून जाणार आणि लेप्टो तेवढा वर उरणार. २७ रुग्णांतून ६ वर राहिले. सगळ्यांनी त्या ६ कडे पाहिलं. उरलेल्या २१ चं काय झालं, हे विचारायला हवं होतं. खरा पीतज्वर बहुधा त्यांनाच होता.

ते ६ मग कोण? नोगुची काही प्रत्येक रुग्णाला खाटेपाशी बसून तपासत नव्हते. 'पीतज्वर' ही चिठ्ठी लावूनच रुग्ण त्यांच्यापुढे येत होता. आणि दोन्ही आजारांत ताप तोच, कावीळ तीच, नाकातोंडातून रक्त तेच, लघवी आटणं तेच. पोटऱ्या दाबल्या की रुग्ण कळवळतो का, डोळे लालभडक आहेत का, पांढऱ्या पेशी वाढल्या आहेत का, या खुणा वाइलच्या आजाराकडे बोट दाखवतात. पण साथ चालू असलेल्या गावात, पीतज्वराच्या वॉर्डात, पिवळ्या माणसाची पोटरी दाबून बघतो कोण? शिवाय नोगुचींनी स्वतः ग्वायाकिलचे रानउंदीर पकडून त्यांच्या मूत्रपिंडांत लेप्टोस्पायरा दाखवला, आणि तो छापलाही. गावात वाइलचा जंतू फिरतो आहे याचा पुरावा त्यांच्याच वहीत होता. आधी इथवर आलो की मी थबकायचो. आता वाटतं, ज्याला उत्तर मिळालेलं असतं त्याला पुरावा अडचण वाटत नाही, तो त्यालाही त्या उत्तराच्या शेजारी जागा करून देतो.

पुढचं भराभर सांगतो. नोगुची मेक्सिकोत मेरिदाला, पेरूत आणि ब्राझीलमध्ये गेले; 'तोच' जंतू पुन्हा सापडल्याचं सांगितलं. रॉकफेलर संस्थेने त्याच्यावर लस आणि सीरम बनवलं आणि ते लॅटिन अमेरिकेत हजारोंना दिलं गेलं. त्याच काळात ग्वायाकिलमधला पीतज्वर संपला, पण त्याचं कारण लस नव्हती. मायकेल कॉनर यांनी पाण्याच्या टाक्यांत मासे सोडून डासांच्या अळ्या संपवल्या होत्या. आपल्याकडे विहिरीत आणि हौदात गप्पी मासे सोडतात, तीच युक्ती. पण साथ ओसरली की लोक लसीला नमस्कार करतात, माशांना कोण करतो.

शंका घेणारे होते. रीड आयोगातले शेवटचे हयात सदस्य, क्यूबाचे अरिस्तिदेस अग्रामोंते, यांनी १९२४ मध्ये जमैकातल्या किंग्स्टनच्या परिषदेत नोगुचींना उघड विरोध केला. १९२६ मध्ये हार्वर्डमधले मॅक्स थायलर आणि अँड्र्यू सेलर्ड्स यांनी दोन्ही जंतू समोरासमोर ठेवून तपासले आणि दाखवलं की इक्टेरॉइडिस आणि वाइलच्या आजाराचा जंतू यांत फरक नाही. त्याच वर्षी लस मागे घेतली गेली. इक्टेरॉइडिसचं प्रकरण इथे संपल्यात जमा होतं. पण मग पीतज्वराचं खरं कारण काय, हे अजून उघडं होतं.

उत्तर लागोसजवळच्या याबा इथल्या प्रयोगशाळेतून आलं. रॉकफेलर फाउंडेशननेच १९२५ पासून तिथे पश्चिम आफ्रिकेचा पीतज्वर आयोग बसवला होता. गिनीपिगांवर तिथेही प्रयोग झाले आणि हाती काही लागलं नाही. तिथे एड्रियन स्टोक्स होते. हा आयरिश डॉक्टर पहिल्या महायुद्धात फ्लँडर्सच्या खंदकांत ब्रिटिश सैनिकांच्या वाइलच्या आजारावर काम केलेला माणूस. म्हणजे लेप्टो कसा दिसतो हे त्याला नीट ठाऊक, आणि तो इथे दिसत नाही हेही त्याला कळत होतं. ३० जून १९२७ रोजी गोल्ड कोस्टमधल्या (आजच्या घानातल्या) क्पेवे गावात असिबी नावाच्या २८ वर्षांच्या माणसाचं रक्त घेतलं गेलं. त्याला बेताचाच ताप होता आणि तो बराही झाला. त्याचं रक्त टोचलेलं एक माकड मात्र पीतज्वराची सगळी लक्षणं दाखवून मेलं.

ते माकड होतं ऱ्हिसस, म्हणजे आपल्या उत्तर भारतातलं लाल तोंडाचं माकड. आफ्रिकेतली माकडं पिढ्यानपिढ्या पीतज्वराच्या सहवासात राहिलेली; त्यांना सहसा काही होत नाही. आशियात हा आजार कधी रुजलाच नाही, त्यामुळे आपल्या माकडाला तो सर्वस्वी परका. तिथे विषाणूला रान मोकळं मिळालं. नऊ वर्षं गिनीपिगाने जे दाखवलं नव्हतं ते या एका प्राण्याने दाखवलं. माकडाचं रक्त गाळणीतून गाळून दुसऱ्या माकडाला दिलं, तरी आजार झाला. डासाने नेला, तरी झाला. आणि लेप्टोस्पायराचा कुठे मागमूस नाही. स्टोक्स स्वतः त्याच सप्टेंबरात पीतज्वराने लागोसला वारले.

नोगुचींनी हे वाचलं आणि १९२७ च्या शरदात ते आफ्रिकेला निघाले. हट्टाने गेले, की खरं शोधायला गेले, यावर चरित्रकारांची मतं वेगवेगळी आहेत. मला वाटतं दोन्ही. अक्रामध्ये विल्यम यंग यांच्या संस्थेत त्यांनी शेकडो माकडं घेऊन रात्रंदिवस काम केलं. मे १९२८ मध्ये लागोसची प्रयोगशाळा पाहून परतले, आजारी पडले आणि २१ मे रोजी गेले. वय ५१. त्यांचं शवविच्छेदन यंग यांनी केलं. आठ-नऊ दिवसांत यंगही पीतज्वराने गेले.

असिबीच्या रक्तातला तोच विषाणू थायलर यांनी पुढे वाढवून वाढवून निरुपद्रवी केला. १९३७ ची ही १७डी लस आजही चालते. १९५१ चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. मुंबईहून केनिया किंवा नायजेरियाला नोकरीधंद्यासाठी जाणारा माणूस निदान दहा दिवस आधी जी सुई टोचून पिवळं कार्ड, म्हणजे लसीचा दाखला, घेतो, ती हीच. भारतात पीतज्वर नाही. पण तो वाहून नेणारा डास, एडिस इजिप्ती, आपल्या घरातल्या कुंड्यांखालच्या बशीत आहे, आणि म्हणूनच विमानतळावर ते कार्ड इतकं काटेकोरपणे पाहतात.

आता हे प्रकरण माझ्या टेबलावर कुठे येतं ते सांगतो. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या नमुन्यांच्या नळ्यांबरोबर चिठ्ठ्या येतात: 'ताप ४ दिवस, प्लेटलेट ४० हजार, डेंग्यू?' प्लेटलेट कमी म्हटलं की आज सगळ्यांच्या डोळ्यांपुढे डेंग्यू येतो, जसा ग्वायाकिलमध्ये पिवळा माणूस म्हटलं की पीतज्वर येत होता. प्लेटलेट लेप्टोतही कोसळतात. आम्ही फोन करून एवढंच विचारतो: पाण्यातून चालत गेला होता का? पायाला जखम आहे का? पोटऱ्या दुखतात का? क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) किती? बिलिरुबिन (काविळीचं माप) चढलंय आणि एसजीपीटी (यकृताला किती इजा झाली त्याचं माप) मात्र दीडशे-दोनशेच्या आत आहे का? विषाणूच्या काविळीत एसजीपीटी हजारांत जातं; लेप्टोत काविळीच्या मानाने ते फारसं वाढत नाही. या एका विसंगतीवर कितीतरी निदानं सापडतात.

उलट बाजूची चूकही तितकीच होते. चौथ्या दिवशी लेप्टोची, रक्तातली प्रतिपिंडं शोधणारी आयजीएम चाचणी निगेटिव्ह आली की नातेवाईक निर्धास्त होतात, कधीकधी डॉक्टरही. पण त्या प्रतिपिंडांना तयार व्हायलाच पाच-सात दिवस लागतात. जंतू रक्तात असतो पहिल्या आठवड्यात, चाचणी बोलते दुसऱ्या आठवड्यात. इथेही चाळणी आणि वेळ जुळत नाहीत. म्हणून संशय पक्का असेल तर रिपोर्टची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिन, पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रायॅक्सोन सुरू करायचं, आणि आठ-दहा दिवसांनी दुसरा नमुना पाठवायचा. जंतू मारले गेले की काही रुग्णांना पहिल्या डोसनंतर दोन-तीन तासांत हुडहुडी भरून ताप आणखी चढतो. गरमीच्या उपचारात हे नेहमी दिसतं, लेप्टोत क्वचित. घरचे म्हणतात, 'इंजेक्शन लागलं नाही.' ते लागलेलं असतं.

नोगुची २००४ पासून २०२४ पर्यंत जपानच्या हजार येनच्या नोटेवर होते. त्या जागी आता कितासातो शिबासाबुरो आले आहेत; तरुण नोगुचींनी त्यांच्याच संस्थेत काही काळ नोकरी केली होती. इक्टेरॉइडिस हे नाव पुस्तकांतून गेलं. लेप्टोस्पायरा हे मात्र राहिलं.

आणि त्या नावापुढे लागणारं दुसरं नाव नोगुचींच्या आधीचं आहे. १९०५ मध्ये न्यू ऑर्लिन्सला पीतज्वराची साथ आली होती. त्यात मेलेल्या एका रुग्णाच्या मूत्रपिंडाचे काप स्टिमसन नावाच्या डॉक्टरने चांदीच्या रंगद्रव्याने रंगवले, आणि मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांमध्ये त्याला आकड्यासारख्या वळलेल्या टोकांचे मळसूत्री जंतू दिसले. ते त्याला प्रश्नचिन्हासारखे वाटले, म्हणून त्याने १९०७ मध्ये त्यांना 'इंटरोगन्स' म्हटलं. केसपेपरवर 'पीतज्वर' लिहिलेल्या त्या माणसाला बहुधा लेप्टो झाला होता. आमच्या रिपोर्टवर आजही तेच छापून जातं: लेप्टोस्पायरा इंटरोगन्स.